डोळ्याचा पडदा आणि ताटातली पालेभाजी

कळमनुरीहून बचत गटाची समन्वयक बोलतेय.

सासूबाईंना दिसेनासं झालं की आपण म्हणतो, मोतीबिंदू असेल. पण कधी कधी आजार डोळ्याच्या आतल्या पडद्याचा असतो. हा पडदा दिवसभर उजेड झेलतो, प्राणवायूही भरपूर वापरतो. म्हणून विळ्याला गंज चढावा तशी त्याची झीज होते. विडीच्या धुराने ती वाढते. झीज आवरणाऱ्या घटकांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पालक, करडई, तांदुळजा, शेवग्याचा पाला यांत ते असतात. तेलाच्या फोडणीने त्यातले काही चांगले अंगी लागतात.

मग गोळ्या घ्याव्यात का? अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००१ साली आला. वयामुळे पडदा बराच झिजलेल्यांना ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त दिलं, तेव्हा आजार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पण गेलेली नजर परत आली नाही. निरोगी डोळ्यांना फायदा दिसला नाही. म्हणून दारावर कुणी डोळ्यांची पावडर विकायला आलं, तर गटातून कर्ज काढून घेऊ नका. गोळी डॉक्टरांनी पडदा तपासूनच ठरवावी.

घरी एवढं करा. एक डोळा झाकून दाराची चौकट बघा, मग दुसरा झाकून. सरळ कड वाकडी दिसली किंवा मधोमध काळा डाग दिसला, तर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. शुगर असेल तर त्रास नसला तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या.

पुढच्या बैठकीला सासूबाईंनाही आणा. चौकट तिथेच बघू.