मेलेले जंतू आणि दोन मराठी शब्द
(धारवाड येथील मराठी भाषकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



१८९८ साली हुबळी-धारवाडात प्लेगने कहर केला. हुबळीत डॉ. ल्यूमन आणि धारवाडात डॉ. अॅलिस कॉर्थॉर्न यांनी हजारो लोकांना हाफकिनची लस टोचली. त्या टोचणीत होते प्लेगचेच जंतू, पण मारलेले. आज मी बोलणार आहे ते या ‘मारलेले’ शब्दाविषयी.

वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवले. वर तुपाचे थेंब सोडले, की त्यांना धरून जंतूंचे धागे खाली लोंबत. मग तो रस सुमारे ६५ अंश सेल्सिअसवर तासभर ठेवायचा आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. उष्णता कमी पडली तर जंतू जिवंत राहतात. फार झाली तर शरीराने ओळखावी अशी त्यांची घडणच मोडते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनांनी पहिली टोचणी स्वतःला घेतली.

यालाच आपण पाठ्यपुस्तकांत ‘निष्क्रिय करणे’ म्हणतो. पण व्यवहारात निष्क्रिय म्हणजे आळशी. निष्क्रिय माणूस उद्या उठून कामाला लागू शकतो. लशीतल्या जंतूने तसे करून चालणार नाही. दुसरा शब्द ‘निर्जंतुक’. अनेकजण हे दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. तो घोटाळा किती महाग पडतो, ते पाहा.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्यांना प्लेग झाला नव्हता. प्लेगचे जंतू मेलेलेच होते. धनुर्वाताचे मात्र बाटलीत शिरले होते. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिनांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, या गोष्टीकडे पुढे लक्ष वेधले गेले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. म्हणजे लस निष्क्रिय होती, पण निर्जंतुक नव्हती.

उलट उदाहरण २०१५ चे. अमेरिकेतील डगवे येथील लष्करी प्रयोगशाळेने किरणोत्सर्गाने मारले असे समजून अँथ्रॅक्सचे नमुने ठिकठिकाणी धाडले होते. त्यांत जिवंत बीजाणू निघाले. बीजाणू म्हणजे जंतूचे कवचबंद रूप, मारायला फार चिवट. मारण्याची क्रिया केली, पण ते मेले का याची तपासणी अपुरी पडली.

ही तपासणी ऐकायला साधी आहे: मारलेल्या नमुन्याचा अंश ताज्या पोषक रसात घालायचा, काही दिवस थांबायचे, काही उगवते का पाहायचे. उगवले नाही, तरच नमुना पुढे द्यायचा.

परिभाषा घडवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: ‘मारलेला’, ‘मेल्याची खात्री केलेला’ आणि ‘निर्जंतुक’ या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द द्या. मराठीतून शिकून प्रयोगशाळेत उभी राहणारी मुलगी बाटलीवरची चिठ्ठी वाचते, तेव्हा तिचा जीव त्या शब्दावर विसंबलेला असतो.