चकती बदला, मग बोट ठेवा

ब्रेल डिस्प्ले संगणकाला जोडायचा कसा, हे तुम्हांला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या, हमखास राहून जाणाऱ्या कामाबद्दल. कुठल्या अक्षराला कुठले ठिपके, हे ठरवणाऱ्या आउटपुट टेबलबद्दल.

शाळेला डिस्प्ले मिळतो. जोडला जातो, पिना वरखाली होतात, सगळे खूश. मग एखादी मुलगी मराठीचा धडा उघडते आणि बोटाखाली भलतेच ठिपके येतात. लगेच निकाल लागतो, "यावर मराठी चालत नाही." अहो, चालतं!

दिवाळीतला सोऱ्या आठवा. शेवेची चकती घातली की शेव पडते, चकलीची घातली की चकली. धडा हे भाजणीचं पीठ समजा आणि टेबल ही चकती. आत शेवेची चकती ठेवायची आणि चकली पडली नाही म्हणून भाजणीला नावं ठेवायची, असं कुठली गृहिणी करेल? आपण मात्र सोऱ्याच कपाटात ठेवून देतो.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरत असाल तर एनव्हीडीए कळ आणि एन दाबा. प्रेफरन्सेस, सेटिंग्ज, ब्रेल. आउटपुट टेबलच्या यादीत मराठी आहे. मराठीच्या भारती ब्रेलमधला 'क' आणि इंग्रजीतला 'के' एकच, ठिपके 1 आणि 3. म्हणून पुष्कळांना वाटतं, टेबल कुठलंही चालेल. नाही चालत. ठिपके सारखे असले तरी कुठली लिपी वाचायची आहे, हे सॉफ्टवेअरला सांगावंच लागतं. ब्रेल कळांनी मराठी लिहायचं असेल, तर इनपुट टेबलही तपासा.

एवढा हट्ट कशासाठी? शुद्धलेखनासाठी. संगणकाचा आवाज 'दिन' आणि 'दीन' जवळजवळ सारखंच म्हणतो. बोटाला फरक तिथल्या तिथे कळतो: ऱ्हस्व इकार ठिपके 2 आणि 4, दीर्घ 3 आणि 5. नुसतं ऐकून शिकलेल्या हुशार मुलांना आपण ऱ्हस्व-दीर्घावरून बोलतो. त्यांच्या हाताला ती अक्षरं लागलीच नाहीत, त्याचं काय?

आणखी एक. डिस्प्लेवर येणारा संदेश मुळात 4 सेकंदच थांबतो. नवशिक्या बोटाला ते पुरत नाहीत. ब्रेल सेटिंग्जच्या त्याच पानावर वेळ वाढवा. शिक्षकांनो, तुमच्या वेगाने मुलाचा वेग ठरवू नका.

टेबलाचं पुन्हा सांगते, कारण तेच विसरलं जातं. इंग्रजी पुस्तक उघडलंत की चकती बदला, मराठीला परतलात की पुन्हा बदला. वारंवार बदलायचा कंटाळा असेल, तर दोन्हींसाठी वेगळी कॉन्फिगरेशन प्रोफाइल करून ठेवता येतात.

तुमच्या शाळेतला डिस्प्ले कपाटात असेल, तर उद्याच बाहेर काढा. आधी टेबल बघा, मराठी लावा आणि मुलांच्या हाती द्या.