पदवीनंतरची वाट

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या ढिगाऱ्यात एका शिक्षिकेचा अर्ज होता. वय 36. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे बी.ए. नंतर शिक्षण थांबलेले, आता धाकटी भावंडे मार्गी लागली होती, आणि बाईंना एम.ए. करावयाचे होते. गुण उत्तम होते. परंतु नियमात वयाची अट 30 वर्षांची होती. मी टिपण लिहिले, 'वयोमर्यादा ओलांडल्याने अपात्र', आणि खाली सही केली. टिपण नियमाला धरून होते, त्यात खोट काढणे कोणालाही शक्य नव्हते. तरीही तो अर्ज मनातून गेला नाही. आणि पुढे अमेरिकेतील पदवीधर स्त्रियांच्या एका संस्थेचा इतिहास वाचताना तो पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

श्रोतेहो, ही संस्था स्थापन झाली ती बोस्टन शहरात. 1881 सालच्या नोव्हेंबरात 8 महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या 17 स्त्रिया तेथे एकत्र जमल्या. त्यांत मॅरियन टॅलबट ही तरुण पदवीधर होती. तिच्या आईला, एमिली टॅलबट यांना, एक प्रश्न सतत पडे. मुलगी शिकली, पदवी मिळाली, पण आता पुढे काय? तिच्या शिक्षणाला समाजात जागा नव्हती आणि तिच्यासारख्या इतर मुली कोठे विखुरल्या आहेत याचा पत्ता नव्हता. एलन रिचर्ड्स याही त्या बैठकीत होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रशास्त्रसंस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली स्त्री. एकाकीपणा म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

संस्थेने पहिले मोठे काम हाती घेतले ते मात्र शिष्यवृत्तीचे नव्हते. 1873 साली डॉ. एडवर्ड क्लार्क या बोस्टनच्या वैद्यांनी एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले होते की, उच्च शिक्षणाच्या ताणाने मुलींची प्रकृती ढासळते. आपल्याकडेही या जातीची मते विद्वानांच्या तोंडून पुष्कळ ऐकू येत असत. या स्त्रियांनी त्यावर निषेधाचा ठराव करून समाधान मानले नाही. त्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती पदवीधर स्त्रियांकडे पाठविली. 705 जणींची उत्तरे आली. बहुसंख्य स्त्रियांची प्रकृती चांगली असल्याचे त्यांतून दिसले, आणि तो अहवाल 1885 साली राज्याच्या श्रमविषयक सांख्यिकी खात्यामार्फत प्रसिद्ध झाला. सरकारी नोकर या नात्याने मला या गोष्टीचे विशेष कौतुक वाटते. मताला आकड्यांनी उत्तर द्यावे, आणि ते आकडे सरकारी छापखान्यातून बाहेर पडावेत, ही युक्ती साधी नव्हे.

त्यानंतर शिष्यवृत्त्या आल्या. त्या काळी अमेरिकेतील फारच थोडी विद्यापीठे स्त्रियांना संशोधनाची पदवी देत. आणि संशोधनाचे माहेरघर मानले गेलेले जर्मनी तर स्त्रियांना दारातच अडवीत असे. म्हणून पदवीधर स्त्रियांनी वर्गणी जमवून आपल्यापैकी एखादीला परदेशी धाडण्याची योजना आखली. त्या योजनेचा लाभ घेऊन 1893 साली आयडा हाइड ही बाई युरोपला निघाली.

या बाईची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. तिचा जन्म 1857 चा. शिकागोच्या 1871 सालच्या भीषण आगीत तिच्या आईचा व्यवसाय बुडाला आणि मुलीला वयाच्या सोळाव्या वर्षी बायकांच्या टोप्या बनविणाऱ्या दुकानात उमेदवारी करावी लागली. कामातून सवड काढून तिने अभ्यास केला, पैसा पैसा साठवून एक वर्ष विद्यापीठात काढले, तो भाऊ आजारी पडला आणि साठविलेले पैसे संपले. मग 7 वर्षे शाळेत शिकविणे. अखेर कॉर्नेल विद्यापीठाची पदवी तिच्या हाती पडली ती 1891 साली, म्हणजे तेहतिसाव्या वर्षी. शिष्यवृत्ती घेऊन ती जर्मनीला गेली तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती. माझ्या टेबलावर हा अर्ज आला असता तर त्यावर कोणता शेरा पडला असता, हे सांगावयास नको.

शिष्यवृत्तीने प्रवासखर्च भागला. वर्गाचे दार काही उघडले नाही. स्ट्रासबुर्ग येथे तिला पदवीची परीक्षा देता येईना, म्हणून ती हायडेलबर्गला गेली. तेथे शरीरक्रियाविज्ञानाचे थोर प्राध्यापक विल्हेल्म क्यून यांनी तिला आपल्या व्याख्यानांना बसू देण्याचे साफ नाकारले. त्यांच्या साहाय्यकांनी टिपणे आणि आकृत्या काढून द्यावयाच्या आणि तिने त्यांवरून एकटीने अभ्यास करावयाचा, असा क्रम चालला. 1896 साली ती परीक्षेला बसली, उत्तीर्ण झाली, आणि तिला पीएच.डी. मिळाली. पुढे याच क्यूनसाहेबांनी इटलीतील नेपल्सच्या सागरी प्राणिविज्ञानकेंद्रात तिला काम करण्याची सोय करून दिली, हे त्यांच्या पदरात पुण्य म्हणून टाकले पाहिजे.

नेपल्सच्या या केंद्रात संशोधकाला बसण्यासाठी एकेक टेबल वार्षिक भाडे देऊन राखून ठेवण्याची पद्धत होती. हाइडबाईंनी मायदेशी परतल्यावर 1898 साली पुढाकार घेतला आणि तेथे अमेरिकन स्त्रियांसाठी एक टेबल कायम राहावे म्हणून निराळी मंडळी उभी केली. विद्येच्या जगात एक टेबल म्हणजे काय, हे ज्याला टेबल मिळत नाही त्यालाच कळते.

या संस्थेचे सगळेच वर्तन असे उदार होते असे मात्र नाही. सभासदत्व ठराविक मान्यताप्राप्त महाविद्यालयांच्या पदवीधरांनाच मिळे. आणि वर्णाचा प्रश्न आला तेव्हा कित्येक शाखांनी हात आखडता घेतला. मेरी चर्च टेरेल या निग्रो समाजातील विदुषी, 1884 च्या पदवीधर. 1946 साली त्यांनी वॉशिंग्टनच्या शाखेकडे अर्ज केला आणि तो नाकारला गेला. हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि 1949 साली मध्यवर्ती संस्थेने घटना दुरुस्त करून हा भेद काढून टाकला. स्वतः दाराबाहेर ताटकळलेली माणसे आत गेल्यावर दाराला कडी घालतात, हे दृश्य आपल्याला काही परके नाही.

आपल्या बाजूलाही याच सुमारास एक प्रसंग घडला होता. नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर. गुणानुक्रमाने विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे चालून यावयाची, पण त्या स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. अखेर इंग्लंडातील काही हितचिंतकांनी पैसा उभा केला आणि 1889 साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. तेथेही नियम होता, आणि तो लागू करणारा कोणी एक अधिकारी असलाच पाहिजे. त्याच्या टिपणातही बहुधा खोट काढता आली नसती.

आपल्या शहरांतील मुलींच्या महाविद्यालयांतून माजी विद्यार्थिनींची मंडळे आहेत. त्यांची स्नेहसंमेलने होतात, जुन्या बाईंचा सत्कार होतो, चहा होतो. त्यांतील एखादीने अर्ध्यावर शिक्षण सोडलेल्या आपल्याच मैत्रिणींची यादी करावयास घेतली तर ती फार लांब होईल असे मला वाटते. ती यादी सरकारला करता येणार नाही. आमच्या कागदावर अर्ज न करणारी स्त्री मुळी दिसतच नाही.

हाइडबाई पुढे कॅन्सस विद्यापीठात अनेक वर्षे प्राध्यापिका होत्या. 1945 साली त्या वारल्या. ज्या संस्थेच्या वर्गणीवर त्या जर्मनीला गेल्या होत्या तिलाच त्यांनी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्तीसाठी 25,000 डॉलर दिले.

माझ्या त्या अर्जदार बाईंनी पुढे शाळा सांभाळून बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून एम.ए. केल्याचे एका परिचितांकडून कानावर आले. पुस्तके त्यांना सहकारी शिक्षिकांनी आळीपाळीने ग्रंथालयातून आणून दिली होती.