खून आमचा, फिल्म त्यांची

राऊल पेक हे नाव आपल्या थेटरांच्या पोस्टरवर दिसत नाही. म्हणूनच आज त्याच्यावर बोलतो.

हा हैतीचा माणूस. जन्म १९५३, पोर्ट-ओ-प्रिन्स. हैती म्हणजे गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेला मुलूख. त्या गुन्ह्यासाठी फ्रान्सनं १८२५ साली त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. सुटलेल्या गुलामानं मालकाचं नुकसान भरून द्यायचं! पुढं दुवालियेची हुकूमशाही आली. पेकच्या बापाला तुरुंग दाखवला. बिऱ्हाड काँगोत गेलं. तिथले बेल्जियन साहेब निघून गेलेले, फ्रेंच येणारी शिकलेली काळी माणसं हवी होती. पोरगा किन्शासा, न्यूयॉर्क, फ्रान्स, बर्लिन असा फिरत वाढला. इंजिनियरिंग शिकला, न्यूयॉर्कात टॅक्सी हाकली, मग बर्लिनला सिनेमा शिकला.

काँगोचा पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा. १७ जानेवारी १९६१ ला त्याला गोळ्या घातल्या. नंतर बेल्जियन पोलिसानं प्रेत तोडून ॲसिडात विरघळवलं. का? थडगं राहिलं तर माणसं जमतील. पेकनं त्याच्यावर माहितीपट करायला घेतला. लुमुंबाची जुनी चित्रं बघितली, तर ती युरोपातल्या कंपन्यांच्या कपाटात. मिनिटाच्या भावानं डॉलर मोजा. पेकनं हा व्यवहार माहितीपटातच सांगून टाकला. दोस्तहो, गोदीत आपण पेट्या उतरवतो, पेटीवर नाव मालकाचं. पण इथं पेटीत आपलाच मुडदा, आणि सोडवायला पैसे आपणच भरायचे!

पेक थांबला नाही. १९९६-९७ ला हैतीचा सांस्कृतिक मंत्री झाला, राजीनामा देऊन परत कॅमेऱ्याकडं आला. २००० साली लुमुंबावर कथापट काढला. काँगोत लढाई पेटलेली, म्हणून शूटिंग झिम्बाब्वे-मोझांबिकात केलं. २०१६ ला 'आय ॲम नॉट युवर निग्रो'. जेम्स बाल्डविनच्या अपुऱ्या पुस्तकाची तीसेक पानं हाताशी होती. समजावून सांगायला एकही पंडित खुर्चीत बसवला नाही. बाल्डविनचेच शब्द ठेवले. काळ्या माणसाला दुभाष्या लागत नाही.

२०२२ साली बेल्जियमनं लुमुंबाचा एक दात काँगोला परत दिला. एवढंच उरलं होतं. त्याला साठ वर्षं लागली. त्याचा चेहरा पेकनं कधीच परत आणला होता, मिनिटाचा भाव मोजून.

तेव्हा आपल्या मयताचा, मोर्चाचा फोटो कुणी काढला, आणि तो कुणाच्या कपाटात गेला, हे आजच विचारून ठेवा.