रिव्होचा भग्न मठ आणि आजाऱ्यांचें घर

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजच्या मंगल दिवशीं आपल्या देवळाची स्तुति ऐकावी, या अपेक्षेनें आपण येथें जमलां आहां. ती अपेक्षा अयोग्य नव्हे. ज्या देवळांत आपल्या वाडवडिलांचे बाप्तिस्मे झाले व जेथून त्यांस अखेरचा निरोप दिला गेला, त्याचा अभिमान कोणास वाटणार नाहीं? तथापि आज आम्ही आपणांस अशा एका देवळाची हकीकत सांगणार आहों कीं, ज्यावर जवळजवळ पांचशें वर्षें छप्पर नाहीं. ही हकीकत परक्या देशाची आहे खरी. परंतु पवित्र देवसभा एकच असल्यामुळें ती परक्या घरची नव्हे.

इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायरमध्यें, राय नांवाची एक लहान नदी आहे. तिच्या खोऱ्यावरून तेथील मठास रिव्हो हें नांव पडलें. देऊळ पूर्वपश्चिम बांधण्याचा जुना रिवाज. परंतु हें खोरें इतकें अरुंद कीं, तेथील देऊळ जवळजवळ दक्षिणोत्तर बांधावें लागलें. इ. स. ११३२ सालीं हेल्म्स्लीचा सरदार वॉल्टर एस्पेक यानें ही जागा दान दिली, आणि फ्रान्समधील क्लेअरव्हो मठांतून संत बर्नार्ड यांनीं आपला लेखक विल्यम यास कांहीं व्रतस्थांसह तेथें पाठविलें. हे सिस्टर्सियन पंथाचे लोक. न रंगविलेल्या लोकरीचीं वस्त्रें, साधें अन्न, रात्रीं उठून स्तोत्रगान आणि दिवसा अंगमेहनत, असा त्यांचा नेम होता. त्यांच्यांत दोन वर्ग असत. एक देवळांत स्तोत्रें गाणाऱ्या व्रतस्थांचा. दुसरा शेतें व मेंढरें सांभाळणाऱ्या श्रमिक बंधूंचा. हे दुसरे बहुधा निरक्षर असत. परंतु तेही व्रतबद्धच होते.

या मठाचें खरें भूषण म्हणजे संत एल्रेड. त्यांचा जन्म इ. स. १११० च्या सुमारास झाला. तरुणपणीं ते स्कॉटलंडचा राजा डेव्हिड याच्या दरबारीं मानाच्या जागेवर होते. इ. स. ११३४ च्या सुमारास ती जागा सोडून ते रिव्होस आले. पुढें त्यांजकडे नवदीक्षितांस शिकविण्याचें काम आलें. त्या वेळचा एक प्रसंग त्यांचा शिष्य वॉल्टर डॅनियल यानें त्यांच्या चरित्रांत लिहून ठेविला आहे. एक चंचल मनाचा नवदीक्षित मठ सोडून निघाला. एल्रेड यांनीं त्यास परोपरीनें विनविलें, तो ऐकेना. तेव्हां ते त्याच्यासाठीं प्रार्थनेस बसले. तो मनुष्य दिवसभर रानांत भटकला, आणि सूर्यास्ताच्या सुमारास पाहतो तों आपण पुन्हा मठाच्याच आवाराशीं आलों आहों! एल्रेड यांनीं त्यास मिठी मारली व आनंदाश्रु गाळले.

इ. स. ११४७ मध्यें ते मठाधिपति झाले. दुर्बळ, चिडखोर, इतर मठांनीं नाकारलेले असे लोक त्यांच्या दारीं येत, आणि ते कोणास परत पाठवीत नसत. दुर्बळांस सांभाळून घेणें हेंच रिव्होचें श्रेष्ठ वैभव, असें ते मानीत. त्यांच्या मृत्यूच्या वेळीं मठांत १४० व्रतस्थ आणि श्रमिक बंधु व इतर लोक मिळून ५०० जण होते, असें वॉल्टर डॅनियल सांगतो. त्यांच्याच काळांत मठाचें प्रशस्त रुग्णगृह उभें राहिलें. शेवटचीं दहा वर्षें ते स्वतः संधिवात व मूतखडा यांनीं जर्जर झाले होते. रुग्णगृहाजवळच्या एका खोपटांत ते पडून असत, आणि वीसवीस तीसतीस बंधु त्यांच्या बिछान्याभोंवतीं बसून मनांतील गोष्टी निःसंकोच बोलत. आजाऱ्याची खोली हीच जणूं त्या मठाची शाळा झाली. ता. १२ जानेवारी ११६७ रोजीं, जमिनीवर पसरलेल्या राखेवर व गोणपाटावर, त्यांनीं प्राण सोडला.

आतां पुढील भाग लक्षपूर्वक ऐकावा. तेराव्या शतकांत मठानें देवळाचा वेदीकडील भाग पाडून तो फार मोठा व डौलदार बांधला. ज्यानें राखेवर प्राण सोडला, त्याच्या अस्थि त्या वैभवांत ठेविल्या गेल्या. त्याच शतकाच्या अखेरीस मेंढरांत रोग पसरला, लोकरीचें उत्पन्न बुडालें, आणि मठ कर्जांत सांपडला. इ. स. १३२२ मध्यें स्कॉटिश सैन्यानें तो लुटला. पुढें इ. स. १३४८-४९ ची महामारी आली. इ. स. १३८१ मध्यें तेथें मठाधिपतीखेरीज १४ व्रतस्थ आणि ३ श्रमिक बंधु, एवढेच राहिले होते. रिकाम्या झालेल्या कांहीं इमारती त्यांनीं स्वतःच उतरविल्या. ही सारी संकटें होत. त्यांबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं.

परंतु एक गोष्ट मात्र आमच्या मनाला बोंचते. इ. स. १५०० च्या सुमारास जॉन बर्टन नांवाच्या मठाधिपतीनें तें जुनें रुग्णगृह घेऊन आपलें राहतें घर केलें. देवदूत पवित्र मरियेस निरोप सांगत आहे, असें एक कोरीव चित्र दारावर बसविलें. तें आजही तेथें दिसतें. व्रतस्थ थोडे उरले होते, एवढी मोठी जागा आजाऱ्यांस लागत नव्हती, हें कबूल. तरीही जेथें एकेकाळीं आजारी बंधु निजत, तेथें धन्याची बैठक मांडली गेली! दारावर पवित्र मरिया होती. आंत मात्र आजाऱ्यांचें बिछाने नव्हते.

नंतर राजा आठवा हेन्री यानें रोमशीं संबंध तोडिला व देशांतील मठ मोडावयास आरंभ केला. ता. ३ डिसेंबर १५३८ रोजीं रिव्हो त्याच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. मठाची जागा रटलंडचा अर्ल थॉमस मॅनर्स यास मिळाली. हा ज्यानें ती जागा प्रथम देवास दिली, त्या वॉल्टर एस्पेकच्याच बहिणीचा वंशज. देवळाच्या छपराचें शिसें काढून, देवळाच्याच लांकडांच्या जाळावर तें वितळविण्यांत आलें. राजाच्या शिक्क्याच्या चार लगडी ढांसळलेल्या भिंतीखालीं गाडल्या गेल्या. त्या चार शतकें कोणाच्याही हातीं लागल्या नाहींत. इ. स. १९१७ मध्यें ते अवशेष सरकारच्या देखरेखीखालीं आल्यावर दगडमाती उपसतांना त्या सांपडल्या, आणि त्यांतील शिसें यॉर्कच्या महामंदिरांतील एका प्राचीन रंगीत खिडकीच्या दुरुस्तीस उपयोगीं पडलें. राजानें पैशासाठीं ओतविलेलें शिसें अखेर देवाच्याच घरीं परत गेलें.

बंधुभगिनींनो, राजानें मठाचें छप्पर नेलें, हें दुःख खरेंच. परंतु छप्पर नेणारा बाहेरून येतो. आजाऱ्यांचें घर मात्र आपणच आपल्या हातांनीं मोडतों. एल्रेड यांच्या वेळीं त्या देवळाचा वेदीकडील भाग लहान व साधा होता, पण दार मोठें होतें. पुढें देऊळ मोठें झालें आणि आंतील माणसें कमी झालीं.

हें आम्ही तुम्हांस दोष देण्यासाठीं बोलत नाहीं. आमचीच कबुली देत आहों. गेलें वर्षभर ज्युबिलीची वर्गणी, रंगकाम आणि कौलें यांच्या हिशेबांत आम्ही गुंतलों होतों. त्या अवधींत कित्येक आजाऱ्यांच्या घरीं पवित्र कम्युनियन घेऊन जाण्यास आम्हांस उशीर झाला, आणि एका वृद्ध भगिनीच्या घरीं तर आम्ही पोहोंचलों तो तिच्या अंत्यविधीसच. तिच्या घरच्यांनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तें मौन आम्ही विसरलों नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच आहे. कौलें बसलीं, फार चांगलें झालें. आतां प्रत्येक वाडीनें आपल्या अंथरुणास खिळलेल्या माणसांचीं नांवें आम्हांस द्यावींत, आणि दर आठवड्यास आमच्याबरोबर दोघांनीं त्यांच्या घरीं यावें. जो रुसून देवळांत येईनासा झाला आहे, त्याचेंही नांव द्यावें. त्याच्यासाठीं उपास करावयाचा तो आम्ही करूं.

संत एल्रेड यांचा मठ भंगला. परंतु त्यांची दया भंगली नाहीं. त्यांच्या विनंतीनें प्रभु आपल्या या देवळाचें छप्पर राखो, आणि त्याहून अधिक, त्याचें दार उघडें राखो. तथास्तु.