पांढरीखालचे गाव



पुष्कळ गावांच्या कडेला पांढरीचे टेकाड असते. माळवदावर टाकायला आपण तिथली माती आणत आलो. कुदळ मारली की खापर निघते. कधी मणी निघतो, कधी हाड निघते. आपण म्हणतो, "जुने गाव असेल," आणि पाटी भरून घरी येतो. पण त्या जुन्या गावात कोण राहत होते? ते काय खात होते? गाव का उठले? हे आज आपण पाहू या.

जर्मनी देशात बोडन नावाचे मोठे सरोवर आहे. तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तीसारखी घरे पुन्हा बांधली आहेत. १९२२ सालापासून लोक ती बघायला जातात. घरात शिरतात आणि आपले पूर्वज कसे राहत ते डोळ्यांनी पाहतात. आपण तसेच एक गाव इथे बसल्या बसल्या मनात उभे करू या. हे गाव आपल्या महाराष्ट्रातलेच आहे.

त्याचे नाव इनामगाव. तालुका शिरूर. आपले शिरूर कासार नव्हे. पुणे जिल्ह्यातले, नगर रस्त्यावरचे शिरूर. गाव घोड नदीच्या काठी आहे. तिथले पांढरीचे टेकाड पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात खणले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम केले. कुदळीने भसाभस नव्हे. थर थर सोडवून, माती चाळून. शंभराहून जास्त घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तिथे पहिली घरे झाली होती.

चला, आत जाऊ या. घर लांबट चौकोनी आहे. मातीची बुटकी भिंत, वर कुडाचा आडोसा आणि गवताचे छप्पर. आत चूल आहे. दळायला दगडी पाटा आहे. धान्य ठेवायला कणगी आहे आणि जमिनीत पेव आहे. आहे की नाही आपल्या ओळखीचे? भांडी तांबड्या रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी. शेतात जव, गहू, मसूर, वाटाणा. दावणीला गाई-बैल, वाड्यात शेळ्या-मेंढ्या. हत्यारे दगडाची आणि थोडी तांब्याची. लोखंड अजून आलेले नव्हते.

गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर आहे. ते गावच्या मुख्याचे असावे. त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे या लोकांनी नदीचे पाणी वळवायला पाट खणला होता. कडेने दगडमातीचा बांध घातला होता. एकट्या माणसाचे हे काम नव्हे. सारे गाव एक झाले तेव्हाच ते झाले.

मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवीत आणि घरातच पुरीत. आईला ते लांब नको वाटत असेल. मोठे माणूस मेले तर पुरताना त्याचे पाय घोट्यापासून तोडीत. मेलेल्याने घर सोडून भटकू नये, म्हणून असे करीत असावेत, असा जाणत्यांचा तर्क आहे.

पण मंडळी, मेलेल्यांना धरून ठेवणाऱ्या या लोकांना पुढे जिवंतपणीच घर सोडावे लागले. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी पाऊस कमी होत गेला, असे संशोधक सांगतात. गहू जवळजवळ गेला. शिकारीवर भर आला. मोठी चौकोनी घरे गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेवटी, सुमारे २,७०० वर्षांपूर्वी, वस्ती उठली.

हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा आम्हांला आपल्या बीड जिल्ह्यातली कोपी आठवली. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागते. म्हातारी माणसे मागे राहतात. कोयता घेऊन जोडपी कारखान्याकडे जातात आणि पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत चार-सहा महिने काढतात. पाणी आटले की घर लहान होते. हे तेव्हाही खरे होते, आजही खरे आहे.

मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय? त्यांच्याजवळ अक्षर नव्हते. पाट कोणी खणला, पाऊस किती साली हटला, गाव उठण्याआधी काय बोलणे झाले, यातले काहीच राहिले नाही. त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. आपल्याजवळ आता अक्षर आहे. तेव्हा यंदा पाऊस किती झाला, विहिरीला पाणी किती हात आहे, बांध कोणी घातला, कोणते घर कुठल्या कारखान्याला गेले, हे वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत ती वही उघडा. तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले पुढे ठेवता येते.

आणि एवढे करा. पांढरी खणू नका. नक्षीचे खापर किंवा पुरलेले मडके दिसले तर फोडू नका, हलवू नका. तलाठ्याला, ग्रामसेवकाला सांगा. पुरातत्त्व खात्याला कळवायला लावा. काळी आपल्याला पोसते. पांढरी आपली जुनी वही आहे. तिची पाने आपल्याच हाताने फाडू नयेत.