घरचा संगणक आणि हक्काचे ऑफिस

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिरपुरात आता बऱ्याच घरी संगणक आला आहे; नवा नसेल तर जुना, वापरलेला. तो घेताना आपण हमखास विचारतो, ‘यात वर्ड-एक्सेल टाकून द्याल ना?’ अनेकदा ते टाकून मिळते. वस्तू विकतची असते, पण पैसे कोणीच भरलेले नसतात. मुलाला अमानत शिकवायची आणि त्याचा पहिला अर्ज चोरीच्या प्रतीवर टाइप करून घ्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याची भीती असते, ती वेगळीच.

मग ज्याला विकत घेणे परवडत नाही त्याने काय करावे? त्याच्यासाठी लिब्रेऑफिस आहे. जर्मनीत स्टारऑफिस नावाचे सॉफ्टवेअर होते. ते काढणारी कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली आणि २००० मध्ये त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनी ऑरॅकलकडे गेली. त्याच वर्षी ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू केले. बर्लिनची डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. विंडोजसाठीची साधारण साडेतीनशे एमबीची फाइल एकदा उतरवून घ्यावी आणि खुशाल सबंध मोहल्ल्याला वाटावी. परवान्यातच तशी मुभा आहे. पुढे लिहिण्याला नि हिशेबाला इंटरनेट लागत नाही.

आपल्या मुलांना याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच पानावर मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून लिहिता येते. मात्र हे सॉफ्टवेअर दोन्ही लिप्या एकाच गटात धरते, त्यामुळे ठरावीक फॉन्ट एकीलाच मिळतो. दुसरीसाठी तो हाताने निवडावा लागतो. उर्दूला नोटो नस्तालीक घ्यावा, तोही मोफत आहे.

कोणी म्हणेल, नोकरीत तर वर्डच विचारतात. खरे आहे, आणि एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्रही अनेक जागांना लागते. पण तक्ता, बेरजेचे सूत्र, पत्राचा मसुदा या गोष्टी एकीकडे हाताला बसल्या की दुसरीकडे फारशा अडत नाहीत. केरळच्या सरकारी शाळांतली मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते. कधी ओळी सरकतात, तक्ता हलतो. म्हणून अर्ज पाठवताना पीडीएफ करून पाठवावा.

जुना संगणक घेणाऱ्यांनी एक पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून विंडोज ७ चालत नाही, निदान विंडोज १० लागते. ज्यांच्याकडे ७ आहे त्यांनी त्याआधीची आवृत्ती घ्यावी. ज्यांना फाइल हवी असेल त्यांनी शाळा सुटल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यावे. उर्दूचा फॉन्टही सोबत देईन.